जगाचा फौजदार कोण?

(तरुणांच्या व प्रौढांच्या अभ्यासवर्गांसाठी)

वाचन : मीखा ४:१-५, मत्तय ७:१-५, रोमकरांस १३:१-७

२०२५ सालच्या जून महिन्याची २२ तारीख रविवारची होती. त्या दिवशी पहाटे अमेरिकेच्या विमानांनी इराणमधील फोर्दो, नतान्झ व इस्फहान येथील अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. इस्राएलचे हल्ले त्याआधी नऊ दिवस चालूच होते. उपासना सुटल्यावर आमच्या मंडळीच्या आवारात दुसरा विषय नव्हता. एक तरुण म्हणाला, "बरे झाले. माकडाच्या हाती कोलीत देऊन कसे चालेल?" दुसरा उसळून म्हणाला, "ज्यांच्या स्वतःच्या घरात दारूगोळा खच्चून भरला आहे, त्यांनी शेजाऱ्याची काडेपेटी हिसकावयाची काय?" तेव्हा पोलीस खात्यातून निवृत्त झालेले एक वयस्कर सभासद हळूच म्हणाले, "पोरांनो, मी तीस वर्षे नोकरी केली. कोणाच्या घराची झडती घ्यायची तर वॉरंट लागे, पंच लागत, आणि वॉरंटावर माझी सही चालत नसे. ह्यांचे वॉरंट कोणी काढले?"

ह्या महिन्याचा अभ्यास आम्ही ह्याच प्रश्नावर लिहीत आहो. काकांनी तो अगदी योग्य ठिकाणी आणून ठेवला असे आम्हांस वाटते.

प्रथम पहिल्या तरुणाची बाजू नीट ऐकून घेऊ, कारण ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी ह्यांनी अशी भीती बोलून दाखविली होती की, सत्तरीच्या दशकात पंधरा, वीस, कदाचित पंचवीस राष्ट्रांजवळ अण्वस्त्रे असतील. आज ती नऊ राष्ट्रांजवळ आहेत. हे आपोआप घडले नाही. १९६८ साली अण्वस्त्रप्रसारबंदीचा करार झाला, तो १९७० साली अमलात आला, आणि तपासनीस पाठविण्याचे काम व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संस्थेकडे आले. बड्या राष्ट्रांनी आपल्या मित्रांनाही धाक घातला, समजावले, संरक्षणाची हमी दिली, म्हणून पुष्कळ देश त्या वाटेने गेले नाहीत. कोणीच पहारा केला नसता तर जग अधिक सुरक्षित झाले असते, असे आम्हांला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. आणि ज्या अस्त्राचा हा प्रश्न आहे त्याने ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीत काय केले हे मंडळीने तरी विसरू नये. उराकामी येथील मोठे ख्रिस्तमंदिर स्फोटाच्या जागेपासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर होते. शेकडो वर्षे छळ सोसून टिकलेली ती ख्रिस्ती वस्ती एका सकाळीत भस्म झाली.

परंतु त्या करारात दुसरेही कलम आहे. सहाव्या कलमाने अण्वस्त्रधारी राष्ट्रांनी आपली अस्त्रे कमी करीत नाहीशी करण्याच्या वाटाघाटी शुद्ध हेतूने करण्याचे कबूल केले आहे. शीतयुद्धाच्या ऐन भरात, १९८६ च्या सुमारास, जगात सत्तर हजारांच्या आसपास अण्वस्त्रे होती. आज बारा हजारांच्या आसपास आहेत. घट मोठी खरी, पण उरलेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के अमेरिका व रशिया ह्या दोघांजवळच आहेत. फौजदार स्वतः कायदा पाळीत नसेल तर त्याच्या शिट्टीला मान कोण देणार?

आता एका देशाची हकीगत जरा सविस्तर पाहू, कारण ह्या एकाच देशात तिन्ही उपाय करून झाले आहेत.

फ्रान्सच्या मदतीने इराकने बगदादजवळ अल्-तुवैथा येथे अणुभट्टी उभारली होती. ७ जून १९८१ रोजी (तोही रविवारच होता) इस्राएलच्या विमानांनी ती उद्ध्वस्त केली. दहा इराकी शिपाई व एक फ्रेंच तंत्रज्ञ मेले. इराकने प्रसारबंदीच्या करारावर सही केली होती. इस्राएलने आजवर केलेली नाही. सुरक्षा समितीने १९ जूनला एकमताने ह्या हल्ल्याचा निषेध केला, आणि त्या एकमतात अमेरिकाही होती. हल्ला यशस्वी झाला असे पुष्कळजण आजही म्हणतात. पण पुढे जे उघडकीस आले ते असे की, सद्दाम हुसेन ह्यांनी त्यानंतर बॉम्बचा उद्योग गुप्तपणे व कितीतरी मोठ्या प्रमाणावर चालविला. जे काम निदान तपासनिसांच्या नजरेखाली होते ते पडद्याआड गेले.

दुसरा उपाय १९९१ च्या युद्धानंतर झाला. सुरक्षा समितीच्या ठरावाने तपासनीस इराकमध्ये शिरले. त्यांना अडविण्यात आले, फसविण्यात आले, कागदपत्रे दडविण्यात आली. तरी त्यांनी तो गुप्त उद्योग खणून काढला व मोडला. हे काम कंटाळवाणे होते, वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर ते क्वचितच आले.

तिसरा उपाय २००३ चा. नोव्हेंबर २००२ मध्ये तपासनीस पुन्हा परतले. अणुशक्ती संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल् बरादी ह्यांनी ७ मार्च २००३ रोजी सुरक्षा समितीला स्पष्ट सांगितले की, इराकने अणुबॉम्बचे काम पुन्हा सुरू केल्याचा पुरावा आढळला नाही, आणि नायजर देशातून युरेनियम घेतल्याबद्दलची कागदपत्रे खरी नाहीत. दोन आठवड्यांच्या आत युद्ध सुरू झाले. पुढे खुद्द अमेरिकेने नेमलेल्या तपास पथकाने २००४ साली अहवाल दिला की, इराकचा अणुबॉम्बचा कार्यक्रम १९९१ सालीच संपला होता. त्या युद्धात व त्यामागून आलेल्या अराजकात लाखाहून अधिक नागरिक मेले. इराकमधील ख्रिस्ती समाज तर जगातील अतिप्राचीन मंडळ्यांपैकी एक. त्यांच्या उपासनेत अजून आरामी भाषेचे रूप जिवंत आहे. त्यांतले बहुसंख्य लोक परागंदा झाले. २०१४ साली मोसुलमधून त्यांना घालवून देण्यात आले तेव्हा आमच्यापैकी कित्येकांनी प्रार्थना केल्या. पण त्याची सुरुवात कोणत्या खोट्या कागदांपासून झाली हे किती जणांनी वर्गात सांगितले?

हे सारे दूरचे वाटत असेल तर तारापूर आठवा. बडोद्याच्या वाचकांनी विशेष आठवावे, कारण तेथील वीज महाराष्ट्र व गुजरात वाटून घेतात. १९६३ च्या कराराने अमेरिकेने ते केंद्र उभारण्यास मदत केली व इंधन पुरविण्याचे मान्य केले. १९६९ साली केंद्र सुरू झाले. मे १९७४ मध्ये भारताने पोखरणला स्फोट केला. त्यासाठी लागलेले प्लुटोनियम तुर्भे येथील, कॅनडाच्या साहाय्याने बांधलेल्या व अमेरिकेचे जड पाणी वापरणाऱ्या भट्टीतले होते. हे साहाय्य शांततेच्या कामासाठी दिले होते, असे त्या देशांचे म्हणणे. आणि ते आपणही मनावर घ्यावे. १९७८ साली अमेरिकेने नवा कायदा करून सर्व केंद्रे तपासणीस खुली न करणाऱ्यांचे इंधन बंद करण्याचे ठरविले. झालेला करार एका पक्षाने घरच्या कायद्याने बदलावा, ह्याचा आपल्याकडे फार राग आला, आणि तोही खोटा नव्हता. १९८० साली एक हप्ता अमेरिकन सेनेटमध्ये जेमतेम दोन मतांनी सुटला. शेवटी १९८२ मध्ये फ्रान्सकडून इंधन घेण्याची तडजोड निघाली.

त्याच दशकात शेजारच्या पाकिस्तानात बॉम्बची तयारी चालली होती. अफगाणिस्तानच्या लढ्यात पाकिस्तानची गरज होती, म्हणून तेथे बॉम्ब नाही असा दाखला अमेरिकेचे अध्यक्ष दरवर्षी देत राहिले. रशियन सैन्य माघारी गेल्यावर १९९० साली तो दाखला बंद झाला. आणि २००८ साली भारताशी मैत्री हवीशी झाली तेव्हा ज्या नियमांनी तारापूर अडले होते त्यांतून भारताला सूट मिळवून देण्यात पुढाकार अमेरिकेचाच होता. त्या सुटीचा आपल्याला लाभ झाला म्हणून ती न्यायाची होती असे आम्ही म्हणणार नाही. ओळखीच्या माणसाला सोडणारा फौजदार आपण गावात पाहिलेला आहे.

शास्त्रपाठाकडे वळताना शिक्षकांनी एक काळजी घ्यावी. रोमकरांसच्या तेराव्या अध्यायात तलवार धारण करणाऱ्या अधिकाऱ्याचा उल्लेख आहे, तो घेऊन कोणी म्हणेल की बलाढ्य राष्ट्रालाही तो अधिकार आहे. पण तेथे अधिकारी आपल्या अमलाखालील लोकांविषयी बोलला जातो. शेजारच्या राज्यावर स्वतःच अधिकारी होऊन बसण्याची सनद त्यात आम्हांस दिसत नाही. उलट, मत्तयाच्या सातव्या अध्यायावरून "कोणी कोणाला बोलू नये" असा धडा काढणेही चूक आहे. कुसळ हे खरेच कुसळ आहे आणि ते काढावयाचेच आहे; मुसळ अगोदर काढावयाचे ते नीट दिसावे म्हणून. मीखाच्या भाकितातही क्रम पाहा. राष्ट्रांमधील न्यायनिवाडा आधी होतो, शस्त्रे मोडणे त्यानंतर येते.

म्हणून आमचे मत असे : तपासणी हवी, दडपणही हवे, आणि ते सामर्थ्यवान राष्ट्रांच्या पाठबळाशिवाय होणार नाही. पण वॉरंटावरची सही त्यांची स्वतःची नसावी. २०१५ साली इराणशी जो करार झाला त्यात सहा राष्ट्रे एका बाजूला होती, युरेनियमच्या शुद्धीकरणावर ३.६७ टक्क्यांची मर्यादा होती, आणि तपासनीस आत होते. अमेरिका २०१८ साली त्यातून बाहेर पडली. त्यानंतरच इराण ६० टक्क्यांपर्यंत गेला.

ह्या मतावर एक अवघड आक्षेप आहे, तो वर्गापासून लपवू नये. सुरक्षा समितीत नकाराधिकार असलेली पाचही राष्ट्रे अण्वस्त्रधारी आहेत, तेव्हा मॅजिस्ट्रेट तरी निःपक्षपाती कोठे आहे? शिवाय ज्यांनी अस्त्रे सोडली त्यांचे काय झाले? दक्षिण आफ्रिकेने सहा बॉम्ब स्वतःहून मोडले व १९९३ साली तसे जाहीर केले. तिचे काही बिघडले नाही. युक्रेनने १९९४ साली आपल्या भूमीवरील अण्वस्त्रे हमी घेऊन रशियाला दिली, आणि हमी देणाऱ्यांपैकी रशियानेच २०१४ व २०२२ साली त्यावर सैन्य घातले. लिबियाने २००३ साली आपला उद्योग सोडला. २०११ साली नाटोच्या विमानांच्या मदतीने तेथील राजवट उलथली गेली. उत्तर कोरिया हे उदाहरण वारंवार पुढे करतो. ह्या आक्षेपाचे पुरते उत्तर आमच्याजवळ नाही.

वर्ग घेताना आधी मुलांचे दोन गट करून तारापूरचा वाद मांडावा. एकाने दिल्लीची बाजू घ्यावी, दुसऱ्याने वॉशिंग्टनची; आणि अर्ध्या तासाने बाजू बदलून पुन्हा बोलावयास लावावे. आमच्या येथे हे केले तेव्हा तो काडेपेटीवाला तरुण वॉशिंग्टनच्या बाजूने अधिक चांगला बोलला, आणि घरी जाताना फार वेळ गप्प होता.