गिअरबॉक्स हलका हवा, पण दात पोलादीच

प्रश्न : बाहा स्पर्धेच्या गाडीसाठी आम्ही दोन टप्प्यांचा गिअरबॉक्स बनवतोय. वजन घटवायला गिअरही अॅल्युमिनियमचे केले तर चालतील का?
– एक विद्यार्थी, संगमनेर

उत्तर : गिअर अॅल्युमिनियमचे नकोत. अॅल्युमिनियम पोलादाच्या साधारण एकतृतीयांश वजनाचे असते, पण त्याचा ताठपणाही तेवढाच कमी. शिवाय पोलादासारखे कार्बुरायझिंग करून त्याचे दात कडक करता येत नाहीत. ते लवकर झिजतात.

केसिंग मात्र 6061-टी6 अॅल्युमिनियमचे करा आणि गिअर 20एमएनसीआर5 किंवा ईएन36 पोलादाचे. मोठ्या गिअरचा मधला पडदा पातळ करा, त्याला भोके पाडा. दातांखालची कडा जाड ठेवा.

हिशेब इंजिनच्या टॉर्कवर थांबवू नका. इंजिनचा टॉर्क 19 न्यूटन-मीटर आणि सीव्हीटीचे गुणोत्तर 3 धरले, तर पहिल्या गिअरवर 57 येतात. उड्यांचे धक्के वेगळे. दात वाकण्यासाठी आणि पृष्ठभागाच्या झिजेसाठी असे दोन्ही हिशेब करा. 20 अंशांच्या साध्या दातांत 17 पेक्षा कमी दात घेतले, तर प्रोफाइल शिफ्ट द्या.

केसिंगचे दोन्ही भाग डॉवेल पिनांनी जोडून बेअरिंगची भोके एकाच सेटिंगमध्ये बोअर करा. हीट ट्रीटमेंटमध्ये गिअर थोडा वाकतो, म्हणून बोअरला ग्राइंडिंगची जागा ठेवा. काम देण्याआधी नागापूर एमआयडीसीतल्या हॉबिंगवाल्याला ड्रॉइंग दाखवा. त्याच्याकडे असलेल्या हॉबचेच मॉड्यूल निवडलेत तर खर्च वाचेल.

वजन केसिंगमध्ये वाचवा, दातांत नाही.