न्यूग्रेंजची भिंत आणि संपादकाचा कंस

पाठचिकित्सा शिकवताना मी आयर्लंडमधील न्यूग्रेंज या नवाश्मयुगीन समाधि-टेकाडाचे उदाहरण घेतो. साहित्याच्या तासाला दगडमातीचे काय काम, असे विद्यार्थ्यांना प्रथम वाटते. पण फाटकी पोथी सावरणारा आणि पडकी वास्तू सावरणारा, दोघांपुढचा प्रश्न एकच: मुळातले किती आणि आपण घातलेले किती?

बॉइन नदीकाठचे हे टेकाड सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीचे. व्यास सुमारे ८५ मीटर. आत १९ मीटरचा दगडी बोळ आणि टोकाला दालन. तेथे मृतांच्या अस्थी सापडल्या. १६९९ मध्ये जमीनमालकाची माणसे येथले दगड काढून नेत असता बोळाचे तोंड उघडे पडले. १८८२ च्या कायद्याने टेकाडाला सरकारी संरक्षण मिळाले. १९९३ मध्ये सारा परिसर जागतिक वारसास्थळांच्या यादीत गेला.

१९६२ पासून मायकेल ओ’केली यांनी येथे उत्खनन केले. उगवत्या सूर्याचा किरण दालनात पोचतो, असे आसपासचे लोक सांगत. स्टोनहेंजशी गल्लत होत असावी, असे ओ’केलींना वाटले. तरी दारावरचा दगडी झरोका हाती लागल्यावर, २१ डिसेंबर १९६७ रोजी, ऐन हिवाळ्यातल्या लहान दिवशी, ते सूर्योदयापूर्वी आत जाऊन थांबले. किरण दालनापर्यंत आला. न पटलेला ऐकीव पाठही त्यांनी तपासून पाहिला. संपादकाने याहून वेगळे काय करायचे?

भिंतीच्या बाबतीत मात्र माझे मन साशंक आहे. दर्शनी बाजूला जमिनीवर पांढऱ्या गारगोट्यांचा थर पसरला होता. तो कोसळलेल्या भिंतीचा, असे ओ’केलींचे अनुमान. त्यावरून जवळजवळ सरळ उभी पांढरी भिंत रचली गेली, मागे काँक्रीटचा आधार देऊन. काही अभ्यासकांच्या मते गारगोट्या मुळातच जमिनीवर अंथरलेल्या होत्या. इतकी उभी भिंत त्या काळच्या तंत्राने टिकली नसती, असाही आक्षेप आहे.

अनुमान करण्याला माझी हरकत नाही. गळालेले अक्षर संपादकही अनुमानानेच भरतो. पण ते कंसात घालतो, आणि पुढच्याला तो कंस काढून टाकता येतो. काँक्रीट काढणे इतके सोपे नाही. न्यूग्रेंज म्हणून आज सगळीकडे छापली जाते ती हीच भिंत.

कंस तेथेही एका ठिकाणी आहे. पर्यटकांना ये-जा करता यावी म्हणून प्रवेशद्वारापाशी भिंत आत वळवली आहे, आणि तेवढ्या भागात पांढऱ्याऐवजी काळसर दगड वापरला आहे.