ग्राइंडर सगळ्यात शेवटी

बाबू, गाडी चांगली बघून घेतलीस. जुनी कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट, चॅसी सरळ, कागद तुझ्या नावावर. आता तो ग्राइंडर माझ्याकडे ठेवायला दे. लागेल तेव्हा मागून घे.

तुला बनवायचीय ती कॅफे रेसर. साठच्या दशकात लंडनच्या एस कॅफेवर जमणाऱ्या पोरांनी या गाड्या घडवल्या, त्या वेगासाठी. रोजच्याच गाडीचं हँडल खाली घेतलं, फूटरेस्ट मागे नेले, वजन उतरवलं. आधी बसणं बदललं, रूप मागून आलं. तू फोटो बघून आधी सीट कापायला निघालास.

गाडी मेन स्टँडवर लाव आणि बस. पुढे वाक, हात सैल सोड. ते जिथे येतील तिथे हँडल हवं. मित्राला खडूने खुणा करायला सांग. हँडल खाली नेलंस आणि पाय पुढेच राहिले, तर अंगाचा सगळा भार मनगटांवर येतो. चोर्ला घाट उतरताना ते कळतं. म्हणून दोन्ही बरोबर हलव. क्लिप-ऑन हँडल लगेच घेऊ नकोस. साधं सपाट हँडल लावून महिनाभर फिर.

हँडल बसवलंस की दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघ. टाकी आणि मूठ यांच्यात अंगठा चिरडता कामा नये. मग इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवून पुन्हा वळव. आवाज चढला तर रेसची केबल ताणली जातेय. हे बघितल्याशिवाय रस्त्यावर काढू नकोस.

पाय मागे नेताना जास्त जपायचं ते ब्रेकला. तुझ्या गाडीला गियर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. नवा पेडल आखूड झाला की तरफेचा जोर कमी होतो. पाय तेवढाच दाबतो, चाक मात्र थांबत नाही. जुन्या पेडलच्या खुंटीपासून पायाच्या टोकापर्यंतचं आणि खुंटीपासून रॉडपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेव. नव्यातही तेच प्रमाण राख.

एअर फिल्टरच्या डब्याला हात लावू नकोस. हे मी स्वतः भोगलंय. आपल्या मुळगावातून खनिजाचे ट्रक धावायचे, तेव्हा मी आरएक्स १०० चा डबा काढून उघडा फिल्टर लावला होता. दिसायला सुरेख. तांबडी धूळ आत गेली आणि सिलिंडरला ओरखडे पडले. डबा काढला की हवा वाढते, मिश्रण पातळ होतं, कार्ब्युरेटरचा जेट बदलावा लागतो. प्लग काढून बघत जा: पांढराफटक असेल तर इंजिन तापतंय, कॉफीच्या रंगाचा असेल तर ठीक.

सीटसाठी आधी पुठ्ठा कापून चॅसीवर ठेव, मग प्लायवूड. मागचा मडगार्ड आखूड कर, पण काढू नकोस. आपला पावसाळा चार महिन्यांचा. वेल्डिंग करायचंच असेल तर बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडव. टाकीला मात्र कधीच नाही. रिकामी दिसली तरी आत पेट्रोलची वाफ असते, ती भरलेल्या टाकीपेक्षा घातक. वायरिंग तोडण्याआधी प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांध. आपल्या दमट हवेत उघड्या जोडांना हिरवा गंज चढतो.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचना बदलू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत तेच ठामपणे सांगितलं. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी डिचोलीच्या आरटीओत विचारून ये. रंग बदललास तर आरसी बुकात नोंद कर. चॅसी नंबरावर घासकागद चालवू नकोस. जे काढशील ते बोल्टसकट पिशवीत घालून माळ्यावर ठेव, म्हणजे आरटीओने सांगितलं तर परत बसवता येईल.

पहिली फेरी केळबाईच्या देवळापर्यंतच, हळू. परत आलास की पाना घेऊन ये. हँडलच्या क्लँपपासून सुरुवात करून प्रत्येक नट आपण दोघे पुन्हा आवळू.