मुंबई ते लंडन : हवाई अंतर आणि प्रवासाचा काळ

दिनांक ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला जाण्यासाठी मुंबईहून निघाले. आता हाच प्रवास वाटेत न थांबता होतो. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी तिकडे जाणाऱ्यांत खेड्यापाड्यांतील मुलेमुलीही असतात. अशा वेळी अंतर किती आणि वेळ किती, हे दोन प्रश्न घरोघर विचारले जातात.

अंतराचे उत्तर शाळेतील पृथ्वीगोलावर मिळते. मुंबई व लंडन या दोन ठिकाणांवर दोरा ताणून धरावा. विषुववृत्ताचा घेर १०० सेंटिमीटर असलेल्या गोलावर हा दोरा सुमारे १८ सेंटिमीटर भरेल. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर असल्याने एक सेंटिमीटर म्हणजे ४०० किलोमीटर. अर्थात अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर होय. भिंतीवरील सपाट नकाशात आखलेली सरळ रेषा मात्र फसवी असते. ताणलेला दोरा त्या रेषेच्या उत्तरेकडून, कॉकेशसच्या डोंगराळ प्रदेशावरून जातो, आणि तोच मार्ग सर्वांत जवळचा असतो.

काळाचा हिशेब करताना अधिक सावधगिरी हवी. तिकिटावर छापलेल्या वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक वेळा असतात. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून, तर लंडनची ग्रीनिचच्या शून्य रेखावृत्तावरून ठरते. दर १५ अंशांस एक तास या प्रमाणात लंडनचे घड्याळ साडेपाच तास मागे असते. मार्चच्या अखेरच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारपर्यंत तेथील घड्याळे एक तास पुढे करतात. तेव्हा हा फरक साडेचार तासांचा होतो.

उदाहरणार्थ, हिवाळ्यात मुंबईहून दुपारी २ वाजता निघालेले विमान दहा तास उडाल्यास लंडनला सायंकाळी साडेसहाला उतरेल. घड्याळाप्रमाणे अवघे साडेचार तास! परतताना रात्री १० वाजता सुटलेले विमान नऊ तासांत आले, तरी मुंबईत दुसऱ्या दिवशीचे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. म्हणजे दिसायला साडेचौदा तास. या दोन फसव्या आकड्यांची बेरीज करून निम्मे केल्यास साडेनऊ तास येतात. खरी सरासरी तेवढीच आहे.

जाताना वेळ अधिक का लागतो? दहा ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. जाताना ते विमानास अडवितात, येताना साहाय्य करतात. शिवाय मार्ग नेहमी दोऱ्याइतका सरळ राहत नाही. फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात पाकिस्तानची हवाई हद्द बंद राहिल्याने पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांना वळसा घ्यावा लागला. अंतर भूगोल ठरवितो. काळ मात्र वारा आणि देशादेशांतील संबंधही ठरवितात.

हे गणित केवळ कुतूहलाचे नाही. मधुमेहासारख्या विकारांत ठरावीक तासांनी औषध घेणाऱ्या प्रवाशाने भिंतीवरील घड्याळावर विसंबून राहिल्यास मात्रा चुकण्याचा संभव असतो. त्याने प्रवासाचे खरे तास मोजून निघण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. शिक्षकांनी रेखावृत्ते शिकविताना पृथ्वीगोल, दोरा आणि एक तिकीट वर्गात आणल्यास हा हिशेब गावातील घराघरांत पोहोचेल.