मैदानावरील मारहाण आणि कायद्याची हद्द

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी मी आंतरमहाविद्यालयीन सॉफ्टबॉल सामन्यांसाठी संघातून गेलो. निघण्यापूर्वी प्रत्येकाने पालकांचे संमतिपत्र आणावयाचे होते. खेळताना दुखापत झाल्यास जबाबदारी आमची राहील, अशा अर्थाचा मजकूर मी वडिलांना वाचून दाखविला. ते शाळेत गेलेले नाहीत. अंगठा उमटविण्यापूर्वी त्यांनी विचारले, "खेळताना लागलं तर समजू शकतो. पण कुणी मुद्दाम मारलं तर?" मला उत्तर देता आले नाही. ते शोधताना मी सॉफ्टबॉलचा थोरला भाऊ जो बेसबॉल, त्याच्या इतिहासाकडे वळलो. कारण अमेरिकेत हा प्रश्न न्यायालयापर्यंत पोहोचला आहे.

बेसबॉलमध्ये पिचरने फेकलेला कठीण चेंडू टप्पा न घेता थेट फलंदाजाकडे येतो. १६ ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्क येथे कार्ल मेज यांचा असाच एक चेंडू क्लीव्हलंडच्या रे चॅपमन यांच्या डोक्याला लागला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. त्या काळी फलंदाज हेल्मेट घालीत नसत. हा अपघात मानला गेला. मेज यांच्यावर खटला झाला नाही. मरण ओढवले तरी प्रत्येक दुखापत हा गुन्हा नसतो, हा यातील पहिला धडा होय.

आता दुसरा प्रसंग पाहू. २२ ऑगस्ट १९६५ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे जायंट्स व डॉजर्स यांचा सामना चालू होता. डॉजर्सचे कॅचर जॉन रोजबरो यांनी पिचरकडे परत फेकलेला चेंडू फलंदाज हुआन मारिशाल यांच्या कानाजवळून गेला. शब्दाने शब्द वाढला आणि मारिशाल यांनी हातातील बॅट रोजबरो यांच्या डोक्यात घातली. चौदा टाके पडले. लीगने मारिशाल यांना १,७५० डॉलर दंड केला व आठ सामन्यांसाठी निलंबित केले. रोजबरो यांनी भरपाईचा दावा लावला, तो पुढे आपसात मिटला. पुढे हे दोघे मित्र झाले, ही गोष्ट मोठ्या मनाची खरी. पण हाच प्रहार रस्त्यावर झाला असता, तर तो दंड व निलंबन यांवर भागला असता काय? बॅट चेंडू मारण्यासाठी असते. ती माणसाच्या डोक्यात बसली त्या क्षणी खेळ थांबला होता आणि उरली होती ती केवळ मारहाण, असे मला वाटते.

न्यायालयांनी ही रेषा कोठे ओढली? १९७६ साली लुइझियानातील अपील न्यायालयापुढे सॉफ्टबॉलचे एक प्रकरण आले. धावणारा खेळाडू आपली वाट सोडून, बेसपासून चार-पाच फूट दूर उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्यावर मुद्दाम आदळला होता. त्या प्रतिस्पर्ध्याचा जबडा मोडला. अशा धडकेला त्याची संमती नव्हती, असे ठरवून न्यायालयाने भरपाई कायम केली.

याउलट कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिलेला निकाल आम्हा विद्यार्थ्यांनी विचारात घ्यावा असा आहे. दोन महाविद्यालयांच्या सामन्यात एका विद्यार्थ्याच्या डोक्याला चेंडू लागून त्याचे हेल्मेट तडकले. आधीच्या चेंडूचा सूड म्हणून तो मुद्दाम टाकला, असे त्याचे म्हणणे होते. असा चेंडू नियमाविरुद्ध असला तरी तो या खेळातील अंगभूत धोकाच आहे, म्हणून यजमान महाविद्यालय जबाबदार नाही, असे न्यायालयाने म्हटले. यामागील अडचण मी समजू शकतो. हात निसटला की हेतू होता, हे ठरविणे कठीण असते, आणि प्रत्येक चेंडू कोर्टात गेला तर खेळणेच बंद पडेल. तथापि सूड हा 'खेळाचा भाग' म्हणून मान्य केला, तर आवरण्याचे कर्तव्य कोणाचे?

आपल्याकडील कायदा या बाबतीत मला अधिक स्पष्ट वाटतो. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ८७ आता भारतीय न्याय संहितेत कलम २५ म्हणून आले आहे. अठरा वर्षांवरील व्यक्तीची संमती असेल आणि मृत्यू वा जबर दुखापत घडविण्याचा हेतू किंवा तशी जाणीव नसेल, तर झालेली इजा गुन्हा ठरत नाही. उदाहरण तलवारबाजीच्या खेळाचे आहे. न्यायाने खेळताना इजा झाली तर गुन्हा नाही. महत्त्व आहे ते 'न्यायाने' या शब्दाला.

तेव्हा माझे मत असे: खेळाच्या ओघात झालेली चूक पंचांनी पाहावी, नियमभंग संघटनेने पाहावा, पण खेळ बाजूला ठेवून माणसालाच लक्ष्य केले, तर तेथे पोलीस आणि न्यायालय यांना मज्जाव नसावा. मैदानाभोवतीची चुन्याची रेघ ही खेळाची सीमा आहे, कायद्याची नव्हे.

यंदा संमतिपत्र पुन्हा येईल. वडिलांना मी आता सांगू शकेन की, अंगठा चेंडूसाठी आहे, सूडासाठी नाही. ती ओळ संमतिपत्रात छापली जावी, एवढीच महाविद्यालयाला नम्र विनंती.