मोटारगाडी घेण्यापूर्वी : प्लग-इन हायब्रीड की पूर्ण विद्युत?

'हायब्रीड' हा शब्द ग्रामीण भागास नवा नाही. संकरित ज्वारीने तो १९६० नंतरच्या दशकातच खेडोपाडी पोचविला. त्या ज्वारीने उतारा वाढला. पण ताट आखूड झाल्याने कडबा कमी मिळू लागला, हेही शेतकऱ्यांनी अनुभवले. दोन गुण एकत्र आणताना काही मिळते, तसे काही गमवावेही लागते. मोटारगाडीची निवड करतानाही हीच दृष्टी ठेवणे अगत्याचे आहे.

गाड्यांचे प्रकार

पूर्ण विद्युत गाडीत इंजिन नसते. बॅटरीतील विजेवर मोटर फिरते आणि तिच्यामुळे चाके फिरतात. साध्या हायब्रीड गाडीत पेट्रोलचे इंजिन व लहान बॅटरी असते. ही बॅटरी गाडी चालतानाच भरते, तिला घरची वीज लागत नाही. प्लग-इन हायब्रीडमध्ये इंजिन असतेच, शिवाय घरी भरता येणारी मोठी बॅटरीही असते. अशी गाडी साधारणपणे ४० ते ६० किलोमीटर विजेवर जाते व पुढे पेट्रोलवर चालते.

भारतात प्लग-इन हायब्रीड गाड्या आजवर बहुतांशी महागड्या वर्गातच आल्या. साध्या हायब्रीडचा प्रसार मात्र २०२२ पासून मध्यम किमतीच्या गाड्यांतही झाला. पूर्ण विद्युत गाड्यांवरील वस्तू व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. हायब्रीड गाड्यांना ही सवलत नाही.

गाडी रात्री कोठे उभी राहते?

निवडीचा पहिला प्रश्न गाडीचा नसून जागेचा आहे. बेळगावातील खडेबाजार व त्यालगतच्या जुन्या गल्ल्यांत खाली दुकान व वर बिऱ्हाड अशी अनेक घरे आहेत. गाडी रस्त्याच्या कडेला किंवा दूर कोठेतरी उभी करावी लागते. माडीवरून रस्त्यावर वायर सोडून गाडी भरणे धोक्याचे आहे. तसे कदापि करू नये.

अशा घरात प्लग-इन हायब्रीड घेतल्यास काय होईल? बॅटरी घरी भरली जाणार नाही. गाडी पेट्रोलवरच चालेल आणि न भरलेल्या बॅटरीचे ओझे मात्र रोज वाहील. ही केवळ शंका नव्हे. युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये सुमारे ६ लाख नव्या गाड्यांच्या प्रत्यक्ष इंधनवापराचा अहवाल दिला. प्लग-इन हायब्रीड गाड्यांतून बाहेर पडणारा कार्बन वायू प्रयोगशाळेतील आकड्याच्या सरासरी साडेतीनपट आढळला. गृहीत धरल्याइतक्या वेळा या गाड्या भरल्या व विजेवर चालविल्या जात नाहीत, हे त्याचे मुख्य कारण होय.

याउलट, परसदार किंवा अंगण असलेल्या खेड्यातील घराची स्थिती अनुकूल असते. १५ अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला सुमारे ३ युनिट वीज मिळते. आठ तासांत २४ युनिट, म्हणजे सुमारे १४४ किलोमीटरची बेगमी होते. मात्र त्यापूर्वी वायरमनकडून अर्थिंग व वायरिंग तपासून घ्यावे आणि मीटरचा मंजूर भार पुरेसा आहे याची खात्री करावी.

बेळगाव-निपाणीचा हिशेब

खडेबाजारातील एखादा व्यापारी आठवड्यातून तीन वेळा निपाणीस जाऊन येतो असे समजू. जाऊन-येऊन अंतर सुमारे १५० किलोमीटर. हिशेबाच्या सोयीसाठी पेट्रोल १०० रुपये लिटर, वीज ८ रुपये युनिट व चारही गाड्या सारख्या आकाराच्या धरू.

पेट्रोलची गाडी (लिटरला १५ कि.मी.) : १,००० रुपये.
साधी हायब्रीड (लिटरला २० कि.मी.) : ७५० रुपये.
प्लग-इन हायब्रीड (५० कि.मी. विजेवर, १० युनिट. उरलेले १०० कि.मी. पेट्रोलवर, ५ लिटर) : ५८० रुपये.
पूर्ण विद्युत (युनिटला ६ कि.मी., २५ युनिट) : २०० रुपये.

वर्षाकाठी दीडशे फेऱ्या धरल्यास पूर्ण विद्युत गाडीमुळे पेट्रोलच्या गाडीपेक्षा १ लाख २० हजार व प्लग-इन हायब्रीडपेक्षा ५७ हजार रुपये वाचतात. शिवाय हायब्रीडमधील इंजिनाचे ऑईल व फिल्टर यांचा खर्च कायम राहतो. प्लग-इन हायब्रीड न भरता चालविली, तर तिचा खर्च ५८० ऐवजी किमान ७५० रुपये होईल.

पल्ला व घाट

कंपनीने छापलेला पल्ला प्रत्यक्षात क्वचितच मिळतो. त्याचा दोन-तृतीयांश धरूनच बेत आखावा. या भागात घाटांचाही विचार हवा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. गोव्याहून चोर्ला घाटाने परतताना दीड टनाच्या गाडीस केवळ ही उंची चढण्यासाठी सुमारे ३ युनिट, व घट धरून सुमारे ४ युनिट वीज जादा लागते. उतरताना मोटर उलट काम करून त्यातील काही वीज बॅटरीत परत भरते. म्हणून चढाचा प्रवास बॅटरी पुरेशी भरूनच सुरू करावा.

निवड कशी करावी?

रात्री प्लग मिळतो व रोजचे जाणे-येणे शंभर ते दीडशे किलोमीटरच्या आत आहे, अशांनी पूर्ण विद्युत गाडी घ्यावी. प्लग नाही, अशांना साधी हायब्रीड अधिक सोयीची. प्लग-इन हायब्रीडचा लाभ त्यालाच, जो ती दररोज रात्री नेमाने भरील, ज्याचे रोजचे अंतर ५० किलोमीटरच्या आत आहे आणि ज्यास पुण्यासारख्या लांबच्या ठिकाणी वारंवार जावे लागते. एरवी दोन यंत्रांची किंमत मोजून एकाचाच उपयोग होईल. जुनी विद्युत गाडी घेताना बॅटरीच्या हमीपत्राची मुदत अवश्य पाहावी. नव्या गाडीस ती बहुधा ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते.

शिक्षकांना हा हिशेब गणिताच्या तासाला घेता येईल. विद्यार्थ्यांनी घरातील वाहनाचे महिन्याचे अंतर व इंधनखर्च नोंदवून वरीलप्रमाणे तुलना करावी. एक महिन्याची अशी नोंदवही कुटुंबास विक्रेत्याच्या पत्रकापेक्षा अधिक उपयोगी ठरेल.