चेस्टनट वृक्षाचे पुनरुज्जीवन

अमेरिकेतील न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात १९०४ साली चेस्टनट वृक्षांवर आशियातून आलेल्या बुरशीचा रोग आढळला आणि पुढील सुमारे ५० वर्षांत त्या देशाच्या पूर्व भागातील अब्जावधी वृक्ष नष्ट झाले. ही बुरशी साल पोखरून खोड मारते. मुळे मात्र जिवंत राहतात व त्यांना धुमारे फुटतात. सारी भिस्त या धुमाऱ्यांवरच आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन चेस्टनट फाउंडेशनचे स्वयंसेवक त्यांतील क्वचित फुलावर येणारी झाडे हुडकतात, फुलांवर पिशव्या बांधून ती राखतात आणि रोगास तोंड देणाऱ्या चिनी जातीशी संकर झालेल्या झाडांचे पराग त्यांवर हाताने लावतात. खरी कसोटी पुढेच असते. काही वर्षे जोपासलेल्या रोपांना मुद्दाम रोगाची लागण करून दुर्बल ठरलेली तोडावी लागतात, आणि बहुसंख्य तशीच निघतात.